झाडाने धरलेलं शिखर

क्रसांगच्या देवळाचं शिखर एका झाडाने धरून ठेवलं होतं, आणि ते झाड मेलं होतं. आमच्या सगळ्या भानगडीची सुरुवात तिथून झाली.

झाड स्पुंगचं. देवळाच्या मागच्या ओट्यावर, शिखराच्या पाठीला अगदी चिकटून वाढलेलं. शिखर कधीतरी पश्चिमेला कललं आणि त्याने झाडाला पाठ टेकली. झाडानेही पांढरी, मांडीएवढी जाड मुळं दोन्ही बाजूंनी पुढे आणून त्याला आवळून धरलं. माझ्या आजोबांनी ते तसंच पाहिलं होतं, मीही तसंच पाहिलं. मग एका पावसाळ्यात झाडावर वीज पडली. पुढच्या वर्षी पानं आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी सालीवर आळंब्या आल्या.

तेव्हा लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. देवळाच्या आवारातले सुरुंग काढून झाले होते, आणि पडलेले दगड लावायला सरकारने एक तुकडी नेमली होती. मी तिचा मुकादम. आम्ही बाहेरची भिंत सावरत होतो. कन्निथाबाई आल्या त्या राजधानीहून, वास्तुकलेचं शिकून. वय पस्तिशीचं, अंगाने बारीक, गळ्यात लाल चौकडीचा पंचा, आमच्याकडचा क्रामा. आल्या दिवशी त्यांनी कुणाशी फार बोलणं केलं नाही. देवळाला एक फेरी मारली, मग दुसरी मारली आणि मला हाक मारली, बोंग म्हणजे दादा म्हणून.

"बोंग योन, इकडे या. हे मूळ दाबून बघा."

मी अंगठा लावला. उकडलेल्या सुरणात जावा तसा आत गेला.

"अरे देवा," मी म्हटलं.

"हे मूळ गेलं की शिखर कोण धरणार?"

"कोणी नाही."

"म्हणजे उतरवायचं."

"झाड ना? हो, आधी झाडच तोडलं पाहिजे."

"नाही. आधी शिखर. वरून एकेक दगड, झाड उभं आहे तोवर. झाड आधी काढलंत तर शिखर आपल्या डोक्यावर येईल."

मी वर पाहिलं. शिखराचे एकावर एक चढत गेलेले मजले, प्रत्येक मजल्याच्या कोपऱ्याला खालच्याच देवळाची छोटी प्रतिकृती, आणि टोकाला कमळ. हजार वर्षं होऊन गेलेलं बांधकाम. आणि ही बाई चटईवरून ताट उचलावं तसं ते उतरवायचं म्हणत होती.

"आणि परत चढवायचं?"

"परत चढवायचं."

"कोणी?"

"तुम्ही, मी आणि ते तिकडे झोपलेत ते," झाडाखाली आडव्या झालेल्या माझ्या माणसांकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या.

प्रांताच्या कचेरीतून मोठे साहेब बघायला आले. त्यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांनी शिखराला लाकडी टेकू लावायला सांगितले. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

"पावसाळ्यानंतर इथे ढीग असेल, साहेब," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"शिकत होते तेव्हा एका देवळाला असेच टेकू लावलेले पाहिलेत मी. नंतर बघू म्हणून सगळे निघून गेले. पुढच्या वर्षी गेलो तर टेकू उभे होते, देऊळ नव्हतं."

साहेब जरा चिडले. "उतरवलं आणि परत उभं राहिलं नाही, तर लोक तुमचं नाव घेतील."

"घेऊ देत. पडलं तर कुणाचंच घेणार नाहीत, ते मला नको आहे."

साहेबांनी परवानगी दिली, पण यारी द्यायला नकार दिला. ती दुसऱ्या मोठ्या कामावर होती. बाईंनी मान डोलावली आणि साहेबांची गाडी धुळीत दिसेनाशी व्हायच्या आत मला विचारलं, "जंगलात सरळ, उंच सोट मिळतील ना, बोंग?" तीन सोटांचं तिकाटणं, त्याला साखळीची कप्पी. उतरलेल्या प्रत्येक दगडावर खडूने आकडा घालून तो शेजारच्या शेतात ठेवायचा. बस, तेवढ्यावर काम सुरू करायचं ठरलं.

सुरू करायचं ठरलं, पण सुरू झालं नाही. कारण गाभाऱ्याच्या दारात ता थोन येऊन बसले.

ता थोन म्हणजे गावचे आचार, पुरोहितच म्हणा. लग्न असो, मयत असो, सगळे विधी त्यांच्या हातून व्हायचे. गाभाऱ्यात पूर्वी शिवलिंग होतं. त्याची रिकामी बैठक आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हळ अजून होती. लिंग केव्हाच चोरीला गेलं होतं. त्या जागी हात तुटलेली कसलीशी जुनी मूर्ती होती, तीच आमचा नेआक ता, गावचा राखणदार. त्याला पिवळं वस्त्र, उदबत्ती, तांदळाची दारू आणि सिगारेट लागायची. सिगारेट ता थोन स्वतः पेटवून त्याच्यापुढे ठेवायचे, आणि ती अर्धी झाली की उरलेली स्वतः ओढायचे.

"आजोबा, जरा बाहेर या," मी म्हटलं.

"का येऊ? तुझ्या बापाचं घर आहे का?"

"शिखर उतरवायचंय."

"उतरवा की. मी बसलोय. माझ्यावरसुद्धा खडूने आकडा घाला आणि ठेवा शेतात नेऊन."

माझी माणसं खिदळली. खरं तर त्यांनाही हे नकोच होतं. राखणदाराच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं म्हणजे खेळ नव्हे. दोघंतिघं तर सकाळी आलेच नव्हते, पोट दुखतंय म्हणून.

बाई आल्या. ता थोनना हात जोडून नमस्कार केला आणि शेजारी उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, आता झाडाचं, कुजल्या मुळांचं, सगळं समजावून सांगतील. त्यांनी काहीच सांगितलं नाही. दुपारी जेवणाचा डबा तिथेच उघडला. भात, प्रहोक म्हणजे आमची आंबवलेली खारी मासळी, कच्ची वांगी. ता थोनच्या पुढे सरकवला.

"प्रहोक बरा आहे," ते म्हणाले. "शहरात असला मिळतो?"

"आईने पाठवलाय, बाट्टंबाँगहून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि वर कुठेतरी दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला. बारीकशी माती ता थोनच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती झटकली नाही. वर बघत राहिले.

"आजोबा," बाई हळूच म्हणाल्या, "मी याला घराबाहेर काढायला आले नाही. पण घर पडतंय. घर शाकारताना माणसं शेजारी राहायला जातात ना? यांना कुठे राहायला आवडेल, तेवढं मला सांगा. तसं घर मी आधी बांधते. मग बाकीचं."

ता थोननी मागे वळून मूर्तीकडे पाहिलं.

"तोंड पूर्वेला पाहिजे," ते म्हणाले. "आणि तळं दिसलं पाहिजे. याला पाणी बघायची सवय आहे."

"बरं."

"आणि पत्रा नको. पत्र्याखाली मला झोप येत नाही, तर याला काय येणार!"

आम्ही तळ्याकाठी ताडाच्या पानांनी शाकारलेली झोपडी बांधली. बाईंनी स्वतः ओंडके तासले. वाजंत्री लावून राखणदाराला तिथे नेलं, सगळं गाव जेवलं. ज्यांची पोटं दुखत होती ती त्या दिवशी बरी झाली. आणि दुसऱ्या सकाळपासून ता थोन आमच्याच मागे लागले. तिकाटण्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि एखाद्याने पहार जरा जोरात घातली की ओरडायचे, "हळू! तुझ्या सासूचं डोकं आहे का ते?"

शिखर वरून खाली येऊ लागलं. कमळाचा दगड, मग वरचा मजला, मग त्याच्या खालचा. प्रत्येक दगडावर खूण. शेतात बाईंनी सुतळीने चौकोन आखले होते. शिखर चपटं करून जमिनीवर पसरावं तसा प्रत्येक थर आपापल्या चौकोनात जात होता. मागच्या बाजूची मुळं लागेल तेवढीच करवतीने कापायची आणि खोडाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

देऊळ उघडत गेलं तसतसं मला कळत गेलं की ते इतकी वर्षं उभं कसं राहिलं याचंच आश्चर्य करायला हवं. बाहेरून वाळूचा गुळगुळीत दगड, कोरीव, सांध्यात सुईसुद्धा जाणार नाही इतका घासून बसवलेला. आत सगळा जांभा. दोघांना एकमेकांत गुंतवलेलंच नाही. कोरीव दगड नुसता जांभ्याला टेकून उभा. उभे सांधेही कितीतरी ठिकाणी एकाखाली एक, सरळ रेघेत.

आणि पूर्वेच्या दारावर तर मी चक्रावलोच. त्या देवळाला खरं दार एकच, पूर्वेचं. बाकी तीन दगडात कोरलेली खोटी दारं, कड्याकोयंड्यासकट. खऱ्या दारावर आडवी शिळा होती, ऐरावतावर बसलेला इंद्र आणि दोन्हीकडे वळत गेलेल्या फुलांच्या माळा कोरलेली. तिच्या मागे, आतल्या दगडांत एक लांब खोबण निघाली. खोबणीत काळा भुसा.

बाईंनी तो भुसा चिमटीत धरला. "लाकूड. आत तुळई घातली होती, वरचं वजन घ्यायला. ती कुजली, वजन या शिळेवर आलं. म्हणून ही मधोमध तडकली."

"दगडाच्या देवळात लाकडाची तुळई?" मी हसलो. "एवढे मोठे कारागीर आणि हे कसं सुचलं?"

ता थोनना ते लागलं. "आता म्हाताऱ्यांना नावं ठेव तू."

"नावं नाही ठेवत, आजोबा," बाई म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्या पिढ्या लाकडात बांधत आल्या. राजासुद्धा लाकडाच्या वाड्यात राहायचा. दगड फक्त देवाला. त्यांच्या हाताला लाकडाची सवय होती, दगडावरही हात तसाच चालला. हे बघा, दाराची चौकटसुद्धा सुतारासारखी कोपऱ्यात तिरपी सांधलीय. विश्वास लाकडावर होता त्यांचा."

मग त्या कितीतरी वेळ तिथे उभ्या होत्या, हात खोबणीत घालून.

नव्या वर्षाचा सण आला. माणसांना घरी जायचं होतं, आणि त्यात काही चूक नव्हतं. पण झाडाच्या बुंध्यातून आता दिवसाही करकर ऐकू यायची. बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "गाभाऱ्याच्या चार भिंती आणि दार राहिलंय. जाणाऱ्याने जावं, मी रागावणार नाही. मी थांबते." मी थांबलो. माझी बायको तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. अर्धी माणसं गेली, अर्धी राहिली. जी गेली तीही लवकर परतली, सणाच्या केळीच्या पानातल्या भाताच्या वड्या घेऊन.

वादळ आलं ते पावसाळ्याच्या बरंच आधी, भर दुपारी. आम्ही इंद्राची शिळा तिच्या जागेवरून नुकती उचलली होती. ती साखळीवर लोंबत होती, जमिनीपासून पुरुषभर उंच, आणि पश्चिमेचं आभाळ एकदम शाईसारखं झालं.

वाऱ्याचा पहिला झोत आला आणि झाड बोललं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मोठा, खोल आवाज, जमिनीतून आल्यासारखा.

"सोडा ते!" मी ओरडलो. "सगळे बाजूला व्हा! बाई, चला!"

"ही तडकलेली आहे, बोंग. आपटली तर दोन तुकडे होतील."

"होऊ देत! झाड इकडेच पडणार आहे!"

"मग लवकर उतरवू या," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी शिळा धरली, ती झोके खाऊ नये म्हणून. त्यांच्यासारख्या दोघी त्या शिळेखाली चिरडल्या असत्या. मी शिवी हासडली, साखळी धरली आणि सोडायला लागलो. साखळीची कप्पी घाई ऐकत नाही. एकेक कडी, एकेक कडी. माणसं पळाली नाहीत. दोघं शिळेच्या दुसऱ्या टोकाला आले, बाकीच्यांनी लाकडी घसरगाडी खाली सरकवली. ता थोन खुर्चीवरून उठून झाडाकडे तोंड करून उभे होते आणि क्रामा हलवत त्याला काय वाटेल ते बोलत होते.

"थांब म्हणतोय ना! शंभर वर्षं थांबलास, आता कसली घाई झालीय मेल्या!"

शिळा टेकली. दोर ओढले. गाडी ओंडक्यांवरून सरकली, अडली, पुन्हा सरकली. मी ता थोनना खांद्यावर टाकलं. ते माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होते. आम्ही आवाराच्या भिंतीपाशी पोचलो असू नसू, तेवढ्यात मागे असा आवाज झाला की मी बहिराच झालो.

धूळ बसली तेव्हा पाऊस पडत होता. झाड गाभाऱ्यावर आडवं होतं, पूर्वेला डोकं करून. शिखर तिथे असतं तर त्यातला एक कोरीव दगड शाबूत राहिला नसता. ते सगळं शेतात, आपापल्या चौकोनात, भिजत पडलं होतं. इंद्र घसरगाडीवर होता. माणसं सगळी होती. पण दाराचा दक्षिणेकडचा दगडी खांब झाडाखाली गेला होता. त्याच खांबावर लेख होता. कुठल्याशा राजाच्या वैद्याने आपल्या आईच्या पुण्यासाठी कवठांच्या रानात हे शिवाचं ठाणं बसवलं, असं त्यात लिहिलेलं. बाई पावसात गुडघ्यांवर बसल्या आणि तुकडे गोळा करायला लागल्या. त्या रडत होत्या की नाही, ते पावसात कळलं नाही.

"बाई, उद्या करू," मी म्हटलं.

"बारीक तुकडे वाहून जातील, बोंग. चाळणी आणा."

आम्ही सगळेच बसलो मग. चिखल चाळत.

बांधायला कितीतरी जास्त काळ लागला. पहिला उन्हाळा नुसता आडवं झाड तोडून काढण्यात, पाया पक्का करण्यात आणि तो खांब जोडण्यात गेला. बाईंनी तांदूळ निवडावेत तसे तुकडे निवडले. आतून पोलादी सळया घालून खांब उभा केला. अक्षरं बरीचशी परत आली. काही ओळींच्या मधे मात्र टक्कल राहिलं. ता थोनचं म्हणणं होतं की तिथे नवीन अक्षरं कोरावीत, छान दिसेल.

"काय कोरू?" बाईंनी विचारलं.

"काहीही चांगलं. आईबद्दल आहे ना? आईबद्दल काय, काहीही चांगलंच असणार."

"ते त्या वैद्याचं बोलणं आहे, आजोबा. त्याच्या तोंडी मी शब्द घालणार नाही."

लाकडी तुळईच्या खोबणीत पोलादी तुळई बसली. जांभा आणि वरचा दगड आता एकमेकांशी पोलादी आकड्यांनी जखडले. जिथे जुना दगड नव्हताच तिथे नवा घातला, साधा, न कोरलेला.

शिखराचा दुसरा मजला लागत होता तेव्हाची गोष्ट. बाईंनी ओळंबा सोडला आणि पुन्हा एकदा सोडून पाहिला. आग्नेयेचा कोपरा बाहेर गेला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. चूक कुठे, ते त्यांनी शोधलं. तीन थर खाली.

"खालून दिसत नाही," मी म्हटलं.

"वर पोचेपर्यंत दिसेल."

माझी माणसं भडकली. दोन महिन्यांचं काम होतं ते. एक जण म्हणाला, "जुन्यांचंही कुठे सरळ होतं? त्यांचे मजले पण वाकडेच आहेत की!"

"त्यांचं वाकडं त्यांचं," बाई म्हणाल्या. "तेही मी तसंच बसवलंय. हे वाकडं आपलं आहे."

आणि त्या परांचीवर चढून स्वतःच पाचरी ठोकायला लागल्या. एकटीने तो दगड तसूभरही हलणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि आम्हालाही. आम्ही खाली उभं राहून विड्या ओढल्या. मग ता थोन म्हणाले, "लाज वाटत असेल तर चढा, नसेल वाटत तर मला तरी चढवा." चढलो. तीन थर उतरवले आणि पुन्हा लावले.

कमळाचा दगड चढला त्या दिवशी अख्खं गाव आवारात होतं. दगडाच्या पोटात एक चौकोनी खळगा होता. जुन्यांनी त्यात सोन्याचा पत्रा ठेवलेला असणार, तो चोरांनी केव्हाच नेला होता. ता थोनना परांचीवर पाठुंगळी घेऊन मीच चढलो. वर पोचल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडली, नागवेलीचं एक पान नीट घडी घालून खळग्यात ठेवलं, वर सुपारीचं खांड. मग माझ्या कानात म्हणाले, "सोनं ठेवून काय झालं ते बघितलंच आपण."

राखणदार परत गाभाऱ्यात आला. ता थोनची तक्रार, की आता फरशी फारच सपाट झालीय, याला सवय नाही.

त्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस लागला तेव्हा आम्ही सगळे गाभाऱ्यात दाटीवाटीने उभे होतो. बाहेर तळं दिसत नव्हतं इतकी झड, आणि आत कोरडं ठणठणीत. माणसांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी दारूची बाटली काढली. ता थोननी पहिला घोट राखणदाराला आणि दुसरा बाईंना दिला.

बाई घोट घेऊन वर बघत होत्या. बघता बघता त्यांनी पेला माझ्या हातात दिला, वायव्येच्या कोपऱ्यात गेल्या आणि चवड्यांवर उभं राहून भिंतीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. एका सांध्यातून पाणी पाझरत होतं, अगदी केसाएवढं.

"बाई," मी म्हटलं, "आज नको."

"आज नाहीच," त्या म्हणाल्या. खिशातून खडू काढून त्यांनी त्या सांध्याभोवती एक गोल काढला. "पाऊस थांबला की परांची बांधा, बोंग."